लेओविल बार्तोंची बाटली: दुकानापासून घरापर्यंत खरा खर्च किती?

फ्रान्सला निघालेली ओळखीची माणसं मला हमखास एक प्रश्न विचारतात: एक चांगली रेड वाइन आणायची आहे, कोणती आणू आणि किती पैसे वेगळे ठेवू? गेली काही वर्षं माझं उत्तर एकच आहे. लेओविल बार्तों आणा. बोर्दो शहराच्या उत्तरेला मेदोक नावाचा पट्टा आहे, तिथल्या सँ-ज्युलियँ गावची ही वाइन. १८५५च्या अधिकृत वर्गवारीत तिची श्रेणी दुसरी. बार्टन हे मूळचं आयरिश कुटुंब १८२६पासून ही जमीन सांभाळतंय आणि मालकी आजही त्याच घरात आहे. अलीकडच्या सालांची बाटली फ्रान्समध्ये साधारण ७० ते ११० युरोंना मिळते. त्याच श्रेणीतल्या काही इस्टेटी दुप्पट भाव लावतात. १९८३मध्ये इस्टेट हाती आलेले आणि २०२२मध्ये वारलेले अँथनी बार्टन भाव आवाक्यात ठेवण्यासाठी ओळखले जायचे. आता त्यांची मुलगी लिलियन कारभार पाहते.

मालकाने भाव रास्त ठेवला, पण बाटली घरी येईपर्यंत कार्डाचं शुल्क, बुडालेला करपरतावा, जादा बाटलीवरचं सीमाशुल्क आणि आपल्याकडचा उन्हाळा मिळून ती बचत खाऊन टाकतात. हे सगळं टाळता येतं. हिशेबाच्या सोयीसाठी पुढे १ युरो म्हणजे १०० रुपये धरला आहे.

आधी लेबल नीट वाचा

सगळ्यात महागडी चूक नावात होते. ‘लेओविल’ नावाच्या वाइन तीन आहेत: लेओविल लास काझ, लेओविल पोय्फेरे आणि लेओविल बार्तों. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर एका मोठ्या इस्टेटीचे तुकडे पडले, त्यातून ही तीन नावं आली. तिन्ही वाइन उत्तम, तिन्ही दुसऱ्या श्रेणीच्या. पण लास काझ दोनशे युरोंच्या घरात जाते. दुकानात नुसतं ‘लेओविल द्या’ म्हणू नका. पूर्ण नाव कागदावर लिहून न्या. फ्रेंच उच्चारात शेवटचा शब्द ‘बार्तों’ असा ऐकू येईल.

दुसरी गफलत उलट्या दिशेची. ‘बार्तों अँड गेस्तिए’ या नावाच्या स्वस्त बाटल्या सगळीकडे दिसतात. त्या व्यापारी कंपनीची सुरुवात १७२५मध्ये याच घराण्यातल्या थॉमस बार्टन यांनी केली होती. आज ती कुटुंबाकडे नाही, दुसऱ्या मोठ्या समूहाकडे आहे. ती वाइन वाईट असते असं नाही, पण तुम्ही जिच्यासाठी पैसे साठवलेत ती ही नव्हे. कोणी ‘बार्तोंचीच आहे’ म्हणून १५ युरोंची बाटली पुढे केली तर लेबलवर ‘शातो’ आणि ‘सँ-ज्युलियँ’ हे दोन शब्द शोधा. नसतील तर बाटली परत ठेवा.

तिसरा गोंधळ चित्राचा. लेओविल बार्तोंच्या लेबलवर एक देखणं घर छापलेलं असतं. ते घर शातो लांगोआचं, १७५८ साली बांधलेलं. लेओविल बार्तोंला स्वतःचा वाडा नाही. बार्टन कुटुंबाने लांगोआ १८२१मध्ये घेतलं आणि पाच वर्षांनी लेओविलचा तुकडा. कुटुंबाचं घर लांगोआत, आणि दोन्ही वाइनची नावं वेगळी. लांगोआ बार्तों तिसऱ्या श्रेणीची, ४० ते ६० युरोंत मिळते. मला विचाराल तर पैसे मोजून आणले असतील तेव्हा लांगोआ घ्यायला अजिबात कचरू नका. माती शेजारचीच, हात तेच. त्याहून कमी पैशांत लेओविलची दुय्यम वाइन ‘ला रेझेर्व्ह द लेओविल बार्तों’ आहे. ती लवकर पिण्याजोगी होते. याच कुटुंबाने २०११मध्ये मुलीस भागात घेतलेल्या शातो मोव्हेसँ बार्तोंची बाटली तर २० युरोंच्या आसपास येते. कुटुंबाची वाइन कशी लागते एवढंच बघायचं असेल तर सुरुवात इथून करा.

कोणतं साल घ्यायचं?

या वाइनमध्ये कॅबर्ने सोव्हिन्यों द्राक्ष बहुतांश असतं, जोडीला मर्लो आणि थोडं कॅबर्ने फ्राँ. कोवळी असताना तुरट लागते. जांभूळ खाल्ल्यावर जीभ जशी आखडते, तसं. दहा-बारा वर्षांनी तो तुरटपणा विरघळतो आणि देवदाराच्या जुन्या पेटीसारखा वास वर येतो. लोक हिला डौलदार म्हणतात ते या वयातल्या बाटलीवरून.

म्हणून आधी स्वतःला विचारा: आणल्या वर्षी उघडणार की जपून ठेवणार? घरी वाइन ठेवायची थंड जागा नसेल (बहुतेकांकडे नसते) तर नव्या सालाचा मोह धरू नका. २०१४ किंवा २०१७ मागा. गाजावाजा कमी असल्यामुळे ही सालं तुलनेने स्वस्त असतात आणि आता उघडण्याजोगी झाली आहेत. २०१६ आणि २०१९ ही मोठी सालं. महाग, आणि अजून थांबायला लावणारी. ज्यांच्याकडे वाइनचा फ्रिज आहे आणि मुलीच्या विसाव्या वाढदिवसाची तारीख डोक्यात आहे, त्यांनी ती घ्यावीत. २०००, २००५ अशा जुन्या सालांची बाटली मिळते, पण ती दुकानात कशी ठेवली होती हे विचारल्याशिवाय घेऊ नका. काचेच्या दर्शनी कपाटात दिव्याखाली उभी असलेली जुनी बाटली मी कितीही सवलतीत घेत नाही.

कुठून घ्यायची?

बोर्दो शहरात असाल तर ग्राँ तेआत्र या नाट्यगृहासमोर, आले द तुर्नीच्या सुरुवातीला ‘लँतांदाँ’ हे दुकान आहे. गोल जिन्याभोवती मजल्यांवर मजले नुसत्या बोर्दोच्या बाटल्या. सालांची निवड मोठी, करपरताव्याचे कागदही तिथे करता येतात. तिथून दोन पावलांवर बोर्दोच्या वाइन मंडळाचा ‘बार आ व्हाँ’ आहे. ग्लासवर वाइन मिळते आणि तीही बाहेरच्यापेक्षा स्वस्त. पूर्ण बाटलीवर ८५ युरो टाकण्याआधी तिथे मेदोकची एक-दोन ग्लासं चाखा. तुरट लाल वाइन आवडत नाही हे तिथेच कळलं, तर आठ-दहा युरोंत मोठा खर्च वाचला.

सप्टेंबरात जाणार असाल तर फ्रेंच सुपरमार्केटांत ‘फ्वार ओ व्हाँ’ म्हणजे वाइनची जत्राच असते. वर्गवारीतल्या इस्टेटींच्या बाटल्याही त्यात येतात आणि भाव चांगला मिळतो. पहिल्याच दिवशी सकाळी जा. चांगली सालं दुपारपर्यंत संपतात.

विमानतळावरचं दुकान शेवटचा पर्याय. ‘ड्यूटी फ्री’ अशी पाटी असली तरी गावातल्या दुकानाचा भाव आधी फोनवर टिपून ठेवा आणि मगच तुलना करा. एक फायदा मात्र खरा: सुरक्षा तपासणीनंतर घेतलेली बाटली सीलबंद पिशवीतून केबिनमध्ये नेता येते. वाटेत विमान बदलणार असाल तर तेही दुकानदाराला आधी सांगा. पिशवीचं सील फोडलंत की पुढच्या तपासणीत बाटली काढून घेतली जाते.

एक वाट मात्र सरळ सोडून द्या: इस्टेटीतून किंवा दुकानातून भारतात कुरिअर. ‘आम्ही जगभर पाठवतो’ असं सांगितलं जाईल. कुरिअरने आलेल्या बाटलीला प्रवाशाच्या सामानाची सवलत नसते. आयातीचं पूर्ण शुल्क, परवाने, खाद्य नियमनाची कागदपत्रं हे सगळं तुमच्या गळ्यात पडतं आणि पेटी गोदामात उन्हाळा काढते.

‘आँ प्रिमर’ म्हणजे पिंपात असतानाच आगाऊ खरेदी. दर वसंत ऋतूत त्याचे भाव जाहीर होतात. भारतात राहणाऱ्यांच्या कामाचं हे नाही. बाटली हातात यायला दीड-दोन वर्षं लागतात आणि ती घ्यायला तिकडे कोणीतरी लागतं. युरोपात किंवा लंडनमध्ये राहणाऱ्या मराठी वाचकांनी करायला हरकत नाही, पण दाखवलेल्या भावात काय धरलेलं नाही ते विचारा. फ्रान्समध्ये भावापुढे ‘एच.टी.’ लिहिलं असेल तर त्यावर २० टक्के कर वेगळा लागतो, ‘टी.टी.सी.’ म्हणजे करासह. लंडनच्या व्यापाऱ्याने ‘इन बाँड’ भाव सांगितला तर बाटलीमागे सुमारे ३ पौंड उत्पादन शुल्क आणि वर २० टक्के व्हॅट धरा. त्याशिवाय पोहोचवण्याचा खर्च आणि पेटीमागे दर वर्षाचं साठवणुकीचं भाडं. सहा बाटल्यांची पेटी दहा वर्षं ठेवली तर या भाड्यातच एखाद-दुसरी बाटली जाते.

इस्टेट पाहायची असेल तर

पॅरिसच्या मोंपार्नास स्थानकावरून वेगवान रेल्वे सुमारे दोन तासांत बोर्दोला पोहोचवते. तिकीट जितकं आधी काढाल तितकं स्वस्त. त्याच दिवशी काढलंत तर दुपटीहून जास्त पडू शकतं. बोर्दोच्या सँ-जाँ स्थानकावरून पोयाक गावाला जाणारी प्रादेशिक गाडी तासाभरापेक्षा थोडा जास्त वेळ घेते. एका बाजूचं तिकीट साधारण १० ते १५ युरो. पोयाकहून सँ-ज्युलियँ पाचेक किलोमीटर. इथेच लोक अडकतात. स्थानकाबाहेर रिक्षा-टॅक्सी उभी नसते. आदल्या दिवशी टॅक्सी सांगून ठेवा किंवा पोयाकात सायकल भाड्याने घ्या. रस्ता बऱ्यापैकी सपाट आहे. रविवारी गाड्या कमी असतात, परतीची वेळ आधी पाहा.

मोटार घ्यायची असेल तर आर.टी.ओ.कडून आंतरराष्ट्रीय वाहनचालक परवाना काढा. शुल्क १,००० रुपये, मुदत एक वर्ष. बोर्दोहून डी-२ रस्त्याने साधारण ४५ किलोमीटर, तासाभराचा प्रवास. मोटारीच्या जाहिरातीतल्या भावात विमानतळावरून गाडी घेण्याचा अधिभार आणि पूर्ण विमा सहसा नसतो, आणि कार्डावर अनामत अडकवून ठेवतात. चालवणाऱ्याने पिऊ नये, हे सांगायला मला संकोच वाटत नाही. फ्रान्समध्ये रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा लिटरला ०.५ ग्रॅम आहे, नव्या चालकांना ०.२. ओलांडलीत तर किमान १३५ युरो दंड. चाखण्याच्या टेबलावर थुंकण्यासाठी भांडं ठेवलेलं असतं. ते वापरण्यात काहीही उद्धटपणा नाही, तिथले जाणकार तेच करतात.

इस्टेटीत न सांगता जाऊ नका. भेट आधी वेळ ठरवूनच होते. ई-मेलमध्ये तारीख, माणसं किती, भाषा इंग्रजी आणि भेटीच्या शेवटी बाटल्या विकत घ्यायच्या आहेत का, एवढं लिहा. मेदोकमध्ये साध्या भेटीला दोन-तीन वाइनच्या चवीसह माणशी साधारण १५ ते ४० युरो पडतात. विचारायचे प्रश्न दोन: चवीसाठी कोणती सालं देणार, आणि करपरताव्याचा कागद मिळेल का? दुसऱ्याचं उत्तर ‘नाही’ आलं तर इस्टेट बघा, वाइन प्या आणि बाटल्या बोर्दोच्या दुकानातून घ्या.

जायचे दिवस सोमवार ते शुक्रवार. शनिवार-रविवारी पुष्कळ इस्टेटी बंद असतात. सप्टेंबरच्या उत्तरार्धापासून ऑक्टोबरपर्यंत द्राक्षांची तोडणी चालते, तेव्हा पाहुण्यांना वेळ मिळेलच असं नाही. सप्टेंबरात मेदोकची मॅरेथॉन असते, त्या शनिवार-रविवारी पोयाकच्या आसपास खोली मिळणं मुश्कील आणि मिळालीच तर महाग. माझी पसंती मे महिना किंवा जूनचा पूर्वार्ध.

बोर्दोहून दिवसाची सहल देणाऱ्या कंपन्या माणशी १०० ते १५० युरो घेतात. सोयीचं आहे, पण आरक्षणाआधी इस्टेटींची नावं लेखी मागा. ‘मेदोकच्या दोन नामवंत इस्टेटी’ एवढंच लिहिलेलं असेल तर त्यात बार्तों असेलच असं नाही. पोयाकला नदीकाठी पर्यटन आणि वाइन केंद्र आहे. तिथे भेटी ठरवून मिळतात आणि बाटल्याही. मला तो मार्ग जास्त सरळ वाटतो.

व्हिसाचं थोडक्यात. शेंगेन व्हिसाचं शुल्क प्रौढांना ९० युरो, ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ४५. सेवा केंद्राचं शुल्क वेगळं. पासपोर्ट दहा वर्षांच्या आत काढलेला, परतीनंतर किमान तीन महिने वैध, दोन पानं कोरी. विमानाचं आणि राहण्याचं आरक्षण, बँकेचं विवरण, आयकर विवरणपत्र, नोकरी असेल तर रजेचं पत्र, ३०,००० युरो कव्हरचा प्रवास विमा. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, निर्णयाला साधारण १५ दिवस धरा, उन्हाळी सुट्टीत जास्त. केंद्रावर खास दालन, एसेमेस, घरपोच पासपोर्ट हे सगळं ऐच्छिक असतं. घेतलं नाहीत म्हणून व्हिसा उशिरा मिळत नाही. नाकारला गेला तर शुल्क परत येत नाही.

पैसे परत मिळवा

हा भाग दोनदा वाचा.

फ्रान्समध्ये वाइनच्या किमतीत २० टक्के कर असतो. युरोपीय संघाबाहेर राहणाऱ्या, १६ वर्षांवरच्या आणि सहा महिन्यांपेक्षा कमी मुक्कामाला आलेल्या माणसाला त्यातला बराचसा परत मिळतो. अट अशी की एकाच दुकानातली खरेदी १०० युरोंच्या वर हवी. तीन दिवसांपर्यंतच्या पावत्या एकत्र धरता येतात. म्हणजे ८५ युरोंची एक बाटली घेतलीत तर परतावा शून्य. दोन बाटल्या एकाच दुकानात घेतल्यात तर १७० युरो झाले, परतावा लागू. एक इथे, एक तिथे असं करू नका.

पैसे देण्यापूर्वी ‘देताक्स’ (करपरतावा) हा शब्द उच्चारा आणि मूळ पासपोर्ट पुढे करा. फोनमधला फोटो बहुतेक दुकानांत चालत नाही. मध्ये परतावा कंपनी आपलं कमिशन कापते, त्यामुळे हातात किमतीच्या १० ते १२ टक्के येतात. रोख मागितलेत तर अजून थोडं कमी. कार्डावर घ्या. काही ठिकाणी शहरातच आगाऊ पैसे देतात आणि तुमचं कार्ड हमी म्हणून नोंदवतात. पुढे विमानतळावर कागद प्रमाणित करायचा राहिला तर ती रक्कम दंडासह वळती होते.

विमानतळावर ‘पाब्लो’ नावाची यंत्रं असतात. कागदावरचा बारकोड त्यावर धरायचा, हिरवी खूण आली की झालं. ही गोष्ट सामान काउंटरवर देण्याच्या आधी करायची. सीमाशुल्क अधिकारी ‘वस्तू दाखवा’ म्हणू शकतो आणि वाइन तर चेक-इन सामानातच असणार. मी एकदा आधी बॅग दिली आणि मग यंत्रापाशी गेले. हिरव्याऐवजी लाल खूण आली. खिडकीतल्या अधिकाऱ्याने सभ्यपणे बाटल्या मागितल्या आणि मी त्याला पट्ट्यावरून पुढे गेलेल्या बॅगेची पावती दाखवत उभी राहिले. वीस युरो गेले. विमानतळावर नेहमीपेक्षा तासभर आधी पोहोचा. बोर्दोहून निघून दुसऱ्या युरोपीय शहरात विमान बदलणार असाल तर कागद कुठे प्रमाणित करायचा हे सामान देण्यापूर्वी काउंटरवर विचारा.

कार्डाचंही बघा. दुकानाचं यंत्र ‘रुपयांत द्यायचे की युरोंत’ असं विचारतं. नेहमी युरो निवडा. रुपये निवडलेत की विनिमयाचा दर यंत्रवाला ठरवतो. शिवाय बहुतेक भारतीय क्रेडिट कार्डं परदेशी खर्चावर २ ते ३.५ टक्के आकारतात आणि त्या आकारावर १८ टक्के जीएसटी. १७,००० रुपयांच्या खरेदीवर हे ७०० रुपयांपर्यंत जातं. हा आकार नसलेलं कार्ड किंवा आधी युरो भरून ठेवलेलं फॉरेक्स कार्ड वापरा.

आता जोडा. दोन बाटल्या १७,००० रुपये. कार्डाचे ७००. बाटल्या गुंडाळायच्या फुगवट्याच्या पिशव्या दोन, साधारण १,०००. परतावा वजा २,०००. एकूण १६,७००, म्हणजे बाटली ८,३५० रुपयांना पडली. हेच साल आयातदाराने आणलं आणि त्याला बाटली ७,०००ला पडली असं धरा. आयात वाइनवर कित्येक वर्षं मिळून १५० टक्के शुल्क लागत आलं आहे, म्हणजे १०,५०० रुपये. झाले १७,५००. त्यावर राज्याचं उत्पादन शुल्क, आयातदाराचा आणि दुकानदाराचा नफा, व्हॅट. हॉटेलात प्यायलात तर हॉटेलचा नफाही.

बॅगेत किती, कशा?

भारतात उतरणाऱ्या प्रवाशाला २ लिटर मद्य सीमाशुल्काशिवाय आणता येतं. वाइनची बाटली ७५० मिलिलिटर, म्हणजे दोन बाटल्या दीड लिटर. तिसरी घातलीत की सव्वादोन लिटर झालं आणि मर्यादा ओलांडली. मधली वाट आहे: अर्धी बाटली, ३७५ मिलिलिटरची. दोन पूर्ण आणि एक अर्धी मिळून १,८७५ मिलिलिटर. मर्यादेत. मेदोकच्या बऱ्याच वाइन अर्ध्या बाटलीत येतात, दुकानात ‘दमी-बुतेय’ म्हणून मागा. ती लवकर पिकते, त्यामुळे घरी जपायची नसेल तर उलट सोयीचीच.

उतरल्यावर मुंबई विमानतळावरच्या दुकानातून व्हिस्की घेतलीत तर तीही याच दोन लिटरांत मोजली जाते. दुकानातला माणूस याची तुम्हाला आठवण करून देणार नाही. मुलांच्या नावावर बाटल्या दाखवू नका. नवरा-बायकोची मर्यादा एकत्र करता येत नाही; प्रत्येकाच्या बाटल्या प्रत्येकाच्या बॅगेत ठेवा, म्हणजे प्रश्नच उद्भवत नाही. बाटल्यांची किंमतही तुमच्या एकूण करमुक्त सामानात धरली जाते, म्हणून सोबत महागडं घड्याळ असेल तर बेरीज करून बघा. मर्यादा ओलांडली असेल तर लाल मार्गाने जा आणि स्वतः सांगा. जादा मद्यावरचा दर इतर सामानापेक्षा बराच चढा असतो. हिरव्या मार्गाने जाऊन सापडलात तर शुल्कावर दंडही येतो आणि बाटली जप्त होऊ शकते.

भरलेली बाटली सव्वा ते दीड किलोची. दोन म्हणजे तीन किलो, हे वजन जातानाच बॅगेत मोकळं ठेवा. जादा वजनाचा दर किलोमागे लागतो आणि तो परताव्यापेक्षा सहज जास्त होतो. बाटली फुगवट्याच्या पिशवीत, मग जीन्सच्या पायात, मग बॅगेच्या मध्यभागी. कडेला नको, चाकांच्या बाजूला तर मुळीच नको. दोन बाटल्यांच्या मध्ये स्वेटर. दुकानाची पावती आणि बोर्डिंग पास बाटल्यांसोबत घरी येईपर्यंत टाकू नका.

महाराष्ट्रात वाइन पिण्याचं किमान वय २१. राज्य उत्पादन शुल्क विभागाचा मद्यसेवन परवाना एक दिवसाचा ५ रुपये, वर्षाचा १०० आणि आजीवन १,००० रुपयांना मिळतो. ऑनलाइन होतो. ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा आणि फोटो लागतो. पुण्या-मुंबईत राहणाऱ्याने आजीवन परवाना काढून टाकावा, मध्यस्थाला जादा पैसे द्यायची गरज नाही. गोव्यात उतरून रस्त्याने कोकणात किंवा कोल्हापूरला येणार असाल तर विशेष जपा. सीमेवर गोव्याहून येणाऱ्या मद्याची तपासणी कडक असते. परदेशातून आणलेल्या बाटलीची पावती, बोर्डिंग पास आणि परवाना तिन्ही हाताशी ठेवा.

भारतातच दुकानात घेणार असाल तर मागच्या बाजूला आयातदाराचं लेबल आणि छापील एमआरपी बघा. ते लेबल नसलेली फ्रेंच बाटली कोणी ‘ओळखीतून’ स्वस्तात देत असेल तर ती शुल्क चुकवून आलेली असते किंवा बनावट. स्वतःची बाटली हॉटेलात नेऊन प्यायची असेल तर आधी फोन करून कॉर्केज किती ते विचारा आणि उत्तर संदेशाने मागवा. बिलातला सेवा आकार ऐच्छिक आहे, नको असेल तर काढायला सांगा.

घरी आणल्यावर

आपल्याकडे ही वाइन चोरीने किंवा फुटून जात नाही, एप्रिल-मेमध्ये जाते. मी पहिली बाटली स्वयंपाकघराच्या माळ्यावर आडवी ठेवली होती, पुस्तकात लिहिलं होतं तशी. जूनमध्ये काढली तेव्हा बूच टोपीच्या आत अर्ध्या इंचाने वर सरकलेलं आणि मानेवर चिकट लाल ओघळ वाळलेला. उघडली तर शिजवलेल्या मनुकांचा वास. आठ हजारांची वाइन आणि आम्ही ती दोन घोटांनंतर ओतून दिली. अजून चुटपुट लागते.

म्हणून पर्याय तीनच. सात-आठ महिन्यांत उघडणार असाल तर फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात आडवी, कागदात गुंडाळून. वर्षं काढायची असतील तर वाइनचा छोटा फ्रिज, २० ते ४० हजारांचा, १३-१४ अंशांवर. एक-दोन बाटल्यांसाठी हा खर्च परवडत नाही. तिसरा आणि बहुतेकांसाठी योग्य: ऑक्टोबर ते जानेवारीत घरी येईल असा प्रवास आखा, तयार साल आणा आणि होळीच्या आत उघडा.

उघडण्याच्या आदल्या दिवशी बाटली उभी करून ठेवा, तळाशी गाळ बसू द्या. आपल्या खोलीचं तापमान ३० अंशांचं. या वाइनला १६ ते १८ हवं. खोलीतून घेत असाल तर अर्धा-पाऊण तास फ्रिजमध्ये, फ्रिजमधून काढत असाल तर तितकाच वेळ बाहेर. काचेच्या जगमध्ये अलगद ओता आणि तासभर राहू द्या. बाटलीमागे दिवा किंवा फोनचा उजेड धरला की गाळ मानेकडे येताना दिसतो, तिथे थांबा. जेवणात मटण असेल तर उत्तम, पण तांबडा रस्सा नको. तिखटाने तुरटपणा दुप्पट होतो. मिऱ्याचं सुकं मटण किंवा साधा खिमा चालेल. चौघांना एक बाटली पुरते, माणशी दीड ग्लास येतो. उरली तर बूच उलटं न लावता मूळ बाजूनेच लावा, फ्रिजमध्ये उभी ठेवा आणि दुसऱ्या दिवशी संपवा.